सिकोलोहियांग पिलिपिनो

सिकोलोहियांग पिलिपिनो (अर्थ : फिलिपिनो मानसशास्त्र) ही फिलिपाईन्समध्ये १९७० च्या दशकात उभी राहिलेली मानसशास्त्रातील विचारधारा व चळवळ होय. फिलिपिनो लोकांचे विचार, भावना व वर्तन यांचा अभ्यास त्यांच्याच भाषेतील संकल्पनांच्या आधारे व्हावा, ही तिची मूळ भूमिका आहे. मानसशास्त्रज्ञ विर्हिलिओ एन्रिकेझ (१९४२–१९९४) हे तिचे प्रवर्तक मानले जातात. देशज मानसशास्त्राचे एक ठळक उदाहरण म्हणून जगभरातील विद्यापीठांत तिचा अभ्यास केला जातो.

‘देशज मानसशास्त्र’ या संज्ञेचा अर्थ केवळ आदिवासी समाजांचे मानसशास्त्र असा नाही. कोणत्याही समाजाने स्वतःच्या भाषेतून व जीवनव्यवहारातून घडवलेले मानसशास्त्र तीत अभिप्रेत असते. मराठी वाचकांना परिचित असलेला भालचंद्र नेमाडे यांचा देशीवाद हा साहित्यविचार आहे. त्याचा या चळवळीशी थेट संबंध नाही.

पार्श्वभूमी

तीन शतकांहून अधिक काळच्या स्पॅनिश सत्तेनंतर १८९८ मध्ये फिलिपाईन्स अमेरिकेच्या ताब्यात गेले व १९४६ मध्ये स्वतंत्र झाले. अमेरिकी अमदानीत इंग्रजी ही शिक्षणाची भाषा झाली. मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके, सिद्धान्त व चाचण्या अमेरिकेतूनच आल्या. या चाचण्यांचे निकष अमेरिकी समाजावर बेतलेले असल्याने फिलिपिनो माणसाचा वेगळेपणा हा बहुधा उणेपणा म्हणून नोंदवला जाई.

एन्रिकेझ १९६३ मध्ये फिलिपाईन्स विद्यापीठात मानसशास्त्र शिकवू लागले. १९६५ च्या सुमारास त्यांनी आपल्या वर्गात इंग्रजीऐवजी फिलिपिनो भाषेचा वापर सुरू केला. चळवळीचा आरंभ प्रयोगशाळेत नव्हे, तर अध्यापनाच्या माध्यमात झाला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते १९७१ मध्ये परतले. विभागप्रमुख आल्फ्रेदो लागमाय यांच्या सहकार्याने त्यांनी फिलिपिनो भाषेतील मानसशास्त्रीय संज्ञा व साहित्य जमवण्यास प्रारंभ केला. १९७५ मध्ये फिलिपिनो मानसशास्त्राची पहिली राष्ट्रीय परिषद भरली व त्याच वर्षी या विषयाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

प्रमुख संकल्पना

‘काप्वा’ ही या विचारधारेची मध्यवर्ती संकल्पना. इंग्रजीत तिचे भाषांतर ‘इतर’ असे केले जाई. परंतु ‘इतर’ म्हटले की ‘मी’ वगळला जातो, तर काप्वामध्ये ‘मी’ आणि ‘दुसरा’ दोघेही सामावलेले असतात. मराठी भाषकाला हा भेद समजण्यास फारसे सायास पडत नाहीत. मराठीत ‘आम्ही’ म्हटल्यास ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटल्यास आत येतो. फिलिपिनो भाषेतही ‘कामी’ व ‘तायो’ अशी हीच जोडी आहे. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे.

‘हिया’ या शब्दाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकांनी त्याचा अर्थ ‘लाज’ असा लावला आणि लाजेच्या धाकाने वागणारा समाज असे फिलिपिनोंचे चित्र रेखाटले. फिलिपिनो अभ्यासकांनी त्यावर व्याकरणाच्या अंगाने आक्षेप घेतला. फिलिपिनो भाषेत उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो : ‘नाकाकाहिया’ म्हणजे संकोच वाटावा अशी गोष्ट, तर ‘नापाहिया’ म्हणजे चारचौघांत ओशाळवाण्या स्थितीत सापडलेला. मूळ ‘हिया’ हा औचित्याच्या जाणिवेजवळ जातो. मराठीत लाज वाटणे, लाज राखणे व लाज काढणे या तीन क्रियांना कोणी एकच शब्द योजला आणि त्यावरून मराठी स्वभावाचा निष्कर्ष काढला, तर जो घोटाळा होईल, तोच येथे झाला होता.

‘उतांग ना लोओब’ म्हणजे शब्दशः अंतःकरणाचे ऋण. आधीच्या विवेचनांत ते देण्याघेण्याच्या हिशेबासारखे मांडले गेले होते. एन्रिकेझ यांच्या मते त्यात परतफेडीच्या सक्तीपेक्षा कृतज्ञता व आपलेपणा महत्त्वाचा आहे.

संशोधनपद्धती

प्रश्नावली घेऊन अनोळखी माणसासमोर बसणे फिलिपिनो व्यवहाराशी विसंगत आहे, असे या विचारधारेचे म्हणणे आहे. त्याऐवजी ‘पाग्तातानोंग-तानोंग’, म्हणजे सहज बोलता-बोलता विचारपूस, ही पद्धत वापरली जाते. तीत माहिती देणाराही संशोधकाला उलट प्रश्न विचारू शकतो. ‘पाकिकिरामदाम’, अर्थात न बोललेले जाणून घेण्याची संवेदनशीलता, संशोधकाच्या अंगी असणे आवश्यक मानले जाते.

संशोधक व माहिती देणारा यांच्या नात्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. ‘परका’ या गटात औपचारिक शिष्टाचारापासून जुळवून घेण्यापर्यंतच्या पाच पायऱ्या आणि ‘परका नसलेला’ या गटात परस्परविश्वासापासून एकरूपतेपर्यंतच्या तीन पायऱ्या येतात. किमान परस्परविश्वासाची पायरी गाठल्याशिवाय मिळालेली माहिती भरवशाची धरू नये, असा दंडक आहे.

अध्ययनातील अडचणी आणि मार्गदर्शक

या विषयातील बरेच मूलभूत लेखन फिलिपिनो भाषेत आहे. बाहेरचा विद्यार्थी एन्रिकेझ यांच्या १९९२ मधील इंग्रजी ग्रंथापासून आरंभ करू शकतो. पण केवळ इंग्रजीवर विसंबल्यास ज्या भाषांतरांना या चळवळीने आक्षेप घेतला, त्यांतूनच तिचा अभ्यास करण्याची वेळ येते. म्हणून भाषा जाणणाऱ्या मार्गदर्शकाचे साहाय्य येथे इतर शाखांपेक्षा अधिक मोलाचे ठरते. काप्वा, हिया इत्यादी शब्दांची यादी ‘राष्ट्रीय स्वभावाचे गुण’ म्हणून पाठ करणे ही नवख्या विद्यार्थ्याची नेहमीची चूक असते. शब्दाची व्याख्या सांगण्याऐवजी तो बाजारात, घरात, भांडणात कसा वापरला जातो याची वाक्ये विद्यार्थ्यापुढे ठेवणे हा त्यावरील उपाय होय. विद्यार्थ्याने स्वभाषेतील जवळचा शब्द शोधावा आणि तो कोठे तोकडा पडतो हेही लिहून काढावे. साम्य सापडताच थांबल्यास जुनीच चूक नव्या भाषेत होते.

टीका

फिलिपाईन्समध्ये शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. राष्ट्रीय भाषा फिलिपिनो ही प्रामुख्याने तागालोगवर आधारलेली असल्याने सेबुआनो, इलोकानो इत्यादी भाषकांचे मन तागालोग शब्दांनी का मोजावे, हा आक्षेप गंभीर आहे. चळवळीने इंग्रजीवर जो आरोप केला, तोच तिच्यावर उलटतो. समर्थकांनी अन्य भाषांतील अभ्यासांना उत्तेजन दिले असले, तरी प्रश्न पूर्णतः सुटलेला नाही. टिमोथी चर्च व मार्सिया काटिगबाक यांच्या संशोधनात फिलिपिनो शब्दांतून मिळालेली व्यक्तिमत्त्वाची परिमाणे पाश्चात्त्य पाच-घटक प्रतिमानाशी बऱ्याच अंशी जुळणारी आढळली. मात्र एन्रिकेझ यांनीही सार्वत्रिक मानसशास्त्र नाकारले नव्हते. ते अनेक देशज मानसशास्त्रांच्या परस्पर तुलनेतून उभे राहावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

भारतातील समांतर प्रयत्न

भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा पहिला विभाग सुरू झाला. अलाहाबाद विद्यापीठातील दुर्गानंद सिन्हा यांनी या विषयाच्या भारतीयीकरणाचा सातत्याने पुरस्कार केला. जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये माया करणारा, पण कामही चोख करवून घेणारा नेता ही संकल्पना मांडली. पुणे विद्यापीठात शिकलेले व कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात अध्यापन केलेले आनंद परांजपे यांनी १९८४ व १९९८ मधील ग्रंथांत आत्मभानाविषयीच्या पाश्चात्त्य व भारतीय विचारांची तुलना केली आहे.

एन्रिकेझ यांनी देशीकरणाचे दोन मार्ग सांगितले आहेत : बाहेरच्या संकल्पना आपल्या भाषेत आणणे आणि आपल्या भाषेतील संकल्पनांतून सिद्धान्त घडवणे. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘प्रबलन’, ‘अभिसंधान’, ‘बोधनिक विसंवाद’ यांसारख्या संज्ञा पहिल्या मार्गाने आलेल्या आहेत. भीड, मुरवत, आब, जिव्हाळा हे शब्द मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात असले, तरी त्या पुस्तकांच्या पारिभाषिक सूचीत सहसा आढळत नाहीत.