‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ : एका युद्धनौकेचे चरित्र

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने बांधविलेली ही नौका १६३७ साली वुलविच येथे पाण्यात उतरली. तीवर शंभराहून अधिक तोफा होत्या. खर्च ६५ हजार पौंडांवर गेला व त्यांतील सुमारे दहावा हिस्सा नुसत्या कोरीव आणि सोनेरी कामातच खर्ची पडला. आरमारासाठी म्हणून राजाने पार्लमेंटच्या संमतीवाचून ‘शिप मनी’ हा कर बसविला होता. तो देण्याचे नाकारणाऱ्या जॉन हॅम्प्डनचा खटला उभा राहिला तो याच वर्षी. हॅम्प्डन हरला, परंतु करापायी माजलेला असंतोष पुढील यादवीच्या कारणांपैकी एक ठरला, व १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला.

राजवैभवाची ही खूण आपली पहिली मोठी लढाई लढली ती मात्र राजाचा वध करणाऱ्या प्रजासत्ताकाच्या बाजूने, १६५२ साली केंटिश नॉक येथे, डचांविरुद्ध. तत्पूर्वी तिचा अवजडपणा कमी करण्यासाठी वरचे बांधकाम उतरवावे लागले होते. शोभेची किंमत ती ही! राजसत्ता परतल्यावर ती ‘रॉयल सॉव्हरिन’ झाली आणि १६९२ मध्ये बार्फ्लर येथे फ्रेंचांशी लढली. शत्रूच्या तोफांतून वाचलेली ही नौका १६९६ मध्ये चॅटम येथे आगीत जळाली. जळती राहिलेली एक मेणबत्ती त्यास कारण झाली, असे सांगतात.