बिळातला शिकारी आणि आमची गोधडी

मराठी माणसाच्या घरात कुत्रे आले ते आधी देवघरातल्या तसबिरीत. दिवाणखान्यात यायला त्याला फार काळ लागला. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री उभी असतात. ते चार वेद, असे आम्हांस लहानपणी सांगण्यात आले आणि आम्ही ते शंका न घेता मानले. खंडोबाच्या सोबत कुत्रे आहे, काळभैरवाचे तर ते वाहनच आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव प्रत्येक कीर्तनकाराने उभे केले आहेत. पितृपक्षात गाईबरोबर आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढला जातो. मात्र हा घास ठेवायचा तो उंबरठ्याबाहेर. सोवळ्याओवळ्याच्या घरात कुत्र्याचा मान मोठा होता, पण जागा ओटीच्या पायरीपर्यंतच होती.

याला राजेलोकांचा अपवाद. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक आहे. १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यास असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याची हकीकत दिली आहे. त्याने एकदा वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले. महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीच्या सनदा काढल्या, त्याला पालखीचा मान दिला आणि पालखीचा सरंजामही चालू राहिला. एकदा मोठे सरदार भेटीस येणार असता महाराजांनी कुत्र्याला जरीचा पोशाख व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पुढे ती पुन्हा कधी धारण केली नाही, असेही डफ लिहितो. साहेबाने ही गोष्ट राजाच्या उतारवयातल्या चित्तभ्रमाच्या खाती मांडली आहे. आम्हांस त्यात दुःखही दिसते आणि दरबाऱ्यांविषयीचे एक मार्मिक मतही दिसते. शाहू महाराज १७४९च्या डिसेंबरात गेले. दगडी खंड्या संगमावर आहेच.

रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीचा वाद मात्र आम्ही येथे उकरत नाही. ते स्मारक १९३६ सालचे, पुढे ते हलवले गेले आणि पुन्हा बसवले गेले, एवढे वाचकांस ठाऊक आहेच. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्यांचेही तसेच. २००५ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले आणि पुढे लष्करानेही त्यांना शिकवण्यास घेतले. ही सारी उंच, सडपातळ, धावणारी कुत्री. आम्हांस सांगायचे आहे ते याच्या अगदी उलट बांध्याच्या एका प्राण्याविषयी.

नामपल्लीत आणि आसपासच्या गल्ल्यांत, आमच्या मराठी घरांतून, गेल्या काही दशकांत एक लांबुळका, तांबूस किंवा काळा, जमिनीपासून वीतभर उंचीवर चालणारा पाहुणा स्थायिक झाला. दुकानदार त्याला डॅशहाउंड म्हणतात, शेजारचे तेलुगू काका डॅशन म्हणतात, गल्लीतली पोरे रेलगाडी म्हणतात. स्टेशन इतके जवळ असता यापेक्षा समर्पक नाव सुचणे कठीण होते. पूर्वी आमच्याकडच्या कुत्र्यांची नावे मोती, वाघ्या, खंड्या अशी असत. मग टॉमी आणि टायगर आले. आमच्या घरच्या कुत्रीचे नाव ठमी. ती ठेंगणी आहे म्हणून आजीने ते ठेवले आणि तिला त्याचा राग नाही.

ठमीला भाषा तीन कळतात. जेवणाची मराठी, धुणेवाल्या बाईंची तेलुगू आणि दारावरच्या भाजीवाल्याची दखनी. यांपैकी एकाही भाषेतली आज्ञा ती पाळत नाही. रात्री ती आजीच्या गोधडीत पायथ्याकडून शिरते आणि आतल्या आत बोगदा काढत उशीपर्यंत पोचते. दारावरची घंटा वाजली की तिच्या तेवढ्याशा देहातून अल्सेशियनचा आवाज बाहेर पडतो, आणि नवखा माणूस दार उघडल्यावर त्या आवाजाचा धनी शोधत आधी वर पाहतो, मग खाली. तुळशीवृंदावनाच्या बुडाशी ती माती उकरते. मोजे, चेंडू, पोथीचे फडके असे काही तोंडात सापडले की ते मानेच्या झटक्याने झिंजाडते. मोरीच्या तोंडाशी तासन्‌तास नाक लावून बसते आणि हाक मारली तर एक कान तेवढा हलवते.

या साऱ्याला आम्ही चाळे म्हणतो. पाहुण्यांना सांगतो, हसतो. परंतु या चाळ्यांना इतिहास आहे, आणि तो जर्मनीच्या जंगलातला आहे.

जर्मन भाषेत डाख्स म्हणजे युरोपातला एक बीळकरी प्राणी. थोराड, पट्ट्यापट्ट्यांच्या तोंडाचा, जबर नखांचा, जमिनीखाली अनेक दालनांची बिळे करून राहणारा. हुंड म्हणजे कुत्रा. शिकाऱ्यांना हा प्राणी बिळातून काढायचा असे, आणि बिळात शिरेल असा कुत्रा लागे. पाय आखूड असले तरच तो आत मावणार. छाती खोल असली तरच त्या कोंदट जागी त्याचा दम टिकणार. पुढचे पंजे फावड्यासारखे असले तरच वाट उकरणार. कातडी सैल हवी, म्हणजे अरुंद जागी अंग वळते. आवाज मोठा हवा, कारण वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला, कुत्रा जमिनीखाली कोठे आहे आणि कुदळ कोठे घालायची, हे त्या भुंकण्यावरूनच कळायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वभाव हट्टी हवा. बिळात मालक नसतो. समोर नखे आणि दात असताना पुढे सरकायचे की मागे यायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे. हाक मारताच परत फिरणारा कुत्रा या कामाचा नव्हता. ठमी आज्ञा का पाळत नाही याचे उत्तर आम्हांस असे शेदोनशे वर्षे मागे जाऊन मिळाले.

गोधडीतला बोगदा, मोरीवरचा पहारा, मोज्याची मानगूट हे सारे त्या नोकरीचे अवशेष आहेत. नोकरी गेली, सवयी राहिल्या. आमच्या जुन्या वाड्यांत मात्र ही नोकरी पुरती गेलेली नव्हती, कारण येथे डाख्स नसला तरी घूस होती. नामपल्लीच्या जुन्या घराची मोरी, धान्याची कोठी आणि परसातली भिंत यांच्या खालून घुशींनी जी भुयारे काढली आहेत, त्यांचा नकाशा कोणी काढला तर कुतुबशाही बांधकामखात्यानेही तोंडात बोट घालावे. ठमीने पहिली घूस ओढून काढली त्या दिवशी घरात दोन तट पडले. आजीला तो सोवळ्याचा सत्यानाश वाटला. आजोबांना वाटले, सोळा वर्षे पिंजरे लावून जे जमले नाही ते झाले. डॉक्टरांचे मत तिसरेच होते. घुशीच्या चाव्यातून आणि मुतातून रोग येतात, तेव्हा रेबीजच्या लशीबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लसही चुकवू नका, असे त्यांनी बजावले.

या जातीचे लिखित मापदंड जर्मनीत १८७९ साली ठरले आणि तेथील जातिसंघ १८८८ साली बर्लिनमध्ये निघाला. गंमत अशी की इंग्लंडातला संघ त्याच्याही आधीचा, १८८१चा. व्हिक्टोरिया राणीच्या राजवाड्यात ही कुत्री लाडकी होती, आणि राणीचे जे लाडके ते इंग्लंडचे लाडके. त्यानंतर १९१४ साली महायुद्ध पेटले. व्यंगचित्रकारांनी हा कुत्रा जर्मनीचे चिन्ह म्हणून रेखाटला होता. लोकांनी चित्रावरचा राग जिवंत कुत्र्यावर काढला. ग्रॅहम ग्रीन या इंग्रज कादंबरीकाराने आपल्या बालपणीच्या गावात भर रस्त्यात डॅशहाउंडला दगडांनी मारल्याची आठवण आत्मचरित्रात नोंदवली आहे. ज्याला देश म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याला देशद्रोही ठरवणे माणसाला किती सोपे जाते! त्याच सुमारास कैसर दुसरा विल्यम आपल्या डॅशहाउंडांचे कौतुक करीत होता. राज्य गेल्यावर तो हॉलंडमधील डोर्न येथे विजनवासात राहिला, आणि तेथील बागेत त्याच्या सेंटा या कुत्रीची कबर आहे. खंड्या आठवावा, असा हा प्रसंग. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिम्पिकसाठी जर्मनीला स्वतःचे सौम्य रूप जगापुढे ठेवायचे होते, तेव्हा वाल्डी नावाचा रंगीबेरंगी डॅशहाउंड बोधचिन्ह झाला आणि मॅरेथॉनचा मार्गही त्याच्या आकृतीसारखा आखला गेला. एका कुत्र्याच्या वाट्याला साठ वर्षांत दगडही आला आणि ऑलिम्पिकही.

आपल्याकडे विलायती जातीची कुत्री आली ती साहेबांच्या छावण्यांतून आणि बंगल्यांतून. सिकंदराबाद आम्हांस लांब नव्हतेच. तरी मराठी घरांनी ती लगेच उचलली नाहीत. प्राणी पाहायचे तर बागे-आममध्ये जायचे, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा काळ होता. तेथले वाघसिंह १९६३ साली नव्या नेहरू प्राणिसंग्रहालयात गेले आणि तो चालत जाण्याजोगा आनंद संपला. कुत्रे घरात शिरले ते वाडे पडून सदनिका उभ्या राहू लागल्यावर. हे आम्हांस प्रथम उलटे वाटले होते. अंगण होते तेव्हा कुत्रे बाहेर, आणि अंगण गेले तेव्हा कुत्रे पलंगावर! विचार करता त्यात नवल नाही. वाड्यात माणसे पुष्कळ होती. सदनिकेत दोन म्हातारी माणसे असतात, आणि ज्या नातवाच्या हट्टापायी कुत्रे आणले तो डॅलसला किंवा सिडनीला असतो. रविवारी सकाळी पडद्यावर तो दिसतो. आधी विचारतो ते कुत्रीला, आजीचा नंबर नंतर.

येथवरची हकीकत हसण्यासारखी आहे. पुढची तशी नाही.

ज्या कारणाने या कुत्र्याचे पाय आखूड झाले, त्याच घराण्यातल्या कारणाने त्याचा कणाही दुबळा झाला आहे. एका वाढीच्या जनुकाची जादा प्रत गुणसूत्रात बसल्याने हाडे आखूड राहतात, हे संशोधकांनी २००९ साली दाखवले. त्याच जनुकाची दुसरी एक जादा प्रत आहे आणि तिच्यामुळे मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कठीण होऊन फुटतात, हे २०१७ साली उलगडले. डॅशहाउंडांपैकी पाचांत सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी हा विकार गाठतो, बहुधा तीन ते सात या ऐन वर्षांत. काल पलंगावरून उडी मारणारे कुत्रे आज पाठीला कुबड काढून कोपऱ्यात थरथरते. उद्या त्याचे मागचे पाय फरफटतात. बिळात काम करणाऱ्या कुत्र्याचे पाय पुष्कळसे उंच होते. प्रदर्शनांच्या हौसेने शरीर लांबवले, पाय खुजे केले. २०२४ साली जर्मनीत प्राणिरक्षण कायद्याचा सुधारित मसुदा आला तेव्हा, सांगाड्यातील व्यंगांविषयीच्या त्यातील तरतुदींमुळे डॅशहाउंडची पैदासच बंद होईल, अशी ओरड तेथील श्वानसंघटनेने केली. सरकारने जातीवर बंदीचा हेतू नसल्याचे सांगितले. ज्या देशाने हा प्राणी घडवला त्यालाच आता हा प्रश्न पडला आहे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. २०१६ साली केंद्राने पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यास मनाई केली, २०१७ साली पैदास करणाऱ्यांसाठी नोंदणीचे नियम आले. तरी पिल्लू घेताना आपण रंग पाहतो, किंमत पाहतो, फार तर आईचा कागद पाहतो. आईबापांच्या पाठीचे काय झाले हे विचारत नाही. आणि घरी आणल्यावर आपला जो प्रेमाचा प्रकार आहे, तो या प्राण्याला सर्वांत घातक. तूपपोळी, साखरभात, सणाचे पुरण, येता-जाता बिस्किटे. नैवेद्य दाखवून झाला की पहिला डोळा ठमीकडे वळतो. दोन वर्षांत पोट जमिनीला टेकू लागते आणि सारा भार त्या लांब पुलासारख्या कण्यावर येतो. शिवाय कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे कुत्र्याला विषच आहेत, हे फराळाच्या ताटाशी बसणाऱ्या किती घरांना ठाऊक आहे?

आमच्या गल्लीत एका डॅशहाउंडचे मागचे पाय दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गेले. आतषबाजीला घाबरून ते पलंगाखाली शिरले आणि बाहेर काढताना कोणी त्याला पुढच्या पायांना धरून ओढले, असे घरचे सांगतात. त्यांनी दोन दिवस तेल चोळले. हे तेल चोळणे आमच्या लोकांच्या हाडीमासी भिनले आहे. येथे मात्र त्या दोन दिवसांची किंमत फार मोठी होती. पाय ओढू लागले की त्याच तासाला पशुवैद्याकडे जावे, कारण वेदनेची जाणीव शाबूत असेपर्यंतच शस्त्रक्रियेला यशाची चांगली आशा असते. नुसते दुखणेच असेल, तर कित्येक आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती हाच मुख्य उपाय. ते कुत्रे आज चाकांच्या गाडीवर चालते. मालक निवृत्त शिक्षक आहेत. दिवसातून चार वेळा ते त्याचे पोट दाबून लघवी काढतात आणि या विषयावर कोणाशी बोलत नाहीत.

ठमीला अजून काही झालेले नाही. तरी सुताराकडून पलंगाला लागून एक उताराची फळी करून घेतली, वर जुने पोते ठोकले. गळ्यातला पट्टा काढून छातीचा घातला. उचलायचे ते एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली देऊन, हे धुणेवाल्या बाईंपासून डॅलसच्या नातवापर्यंत सर्वांना करून दाखवले. फळीवर तिने पहिले नऊ दिवस पाऊल ठेवले नाही. दहाव्या दिवशी, आजीने वरच्या टोकाला खोबऱ्याचा तुकडा ठेवला असता, ती फळीच्या खालून शिरून, पलंगाखालून फिरून, भिंतीच्या बाजूने गोधडी उकरत वर आली.