फुकटातला बर्गर कितीला पडतो? फास्ट फूड ब्रँडच्या ऑनलाइन जाहिराती अशा चालतात

कल्याण सोडल्यावर कसारा लोकल टिटवाळा, वासिंद, आसनगाव, आटगाव करत खर्डीकडे निघते. डब्यात बहुतेकांची नजर मोबाइलवर. रील सरकवता सरकवता मध्येच एक बर्गर येतो. त्यातून चीज ओघळत असतं आणि खाली ओळ असते, 'अ‍ॅप डाउनलोड करा, पहिला बर्गर आमच्याकडून'. खर्डीला उतरल्यावर भूक मात्र वडापाववरच भागवली जाते. पण त्याने जाहिरातीचं काही बिघडत नाही. जाहिरात पोहोचायला गावात त्या ब्रँडचं दुकान असावं लागत नाही. पाहणारा मोबाइल असला की पुरतं.

मग जिथे लगेच विक्री होणार नाही, तिथल्या माणसाकडून कंपनीला काय हवं असतं? फास्ट फूड ब्रँडच्या गाजलेल्या ऑनलाइन मोहिमा पाहिल्या की याचं उत्तर मिळतं.

क्रिएटिव्ह कॅम्पेन म्हणजे नक्की काय?

ऑनलाइन जाहिरात दोन प्रकारे पोहोचते. पहिल्या प्रकारात कंपनी पैसे मोजते आणि कोणाला जाहिरात दाखवायची ते ठरवते. वय, भाषा, ठिकाण, आधी काय पाहिलं, काय मागवलं, यावरून ही निवड होते. दुसऱ्या प्रकारात कंपनी असं काही करते की लोकच ते एकमेकांना पाठवतात. यालाच बोलीभाषेत 'व्हायरल कॅम्पेन' म्हणतात. इथे जाहिरात वाटण्याचं काम वापरकर्ता करतो, तेही बिनपगारी.

यातली एक लोकप्रिय पद्धत म्हणजे 'मोमेंट मार्केटिंग'. क्रिकेटचा सामना, निवडणूक, एखादा गाजलेला संवाद, जे चर्चेत आहे त्यावर लगेच पोस्ट टाकायची. ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी १९६६ पासून मुंबईच्या होर्डिंगवरून ताज्या घडामोडींवर शेरे मारत आली आहे. तेव्हा होर्डिंग रंगवावं लागायचं, आता पोस्ट काही मिनिटांत तयार होते. लोक ती फक्त वाचत नाहीत, पुढेही ढकलतात.

वडापावचा 'जागतिक दिन' आला कुठून?

दरवर्षी २३ ऑगस्टला मराठी सोशल मीडियावर जागतिक वडापाव दिनाच्या पोस्टचा पूर येतो. स्टेटस, रील, 'तुमच्या गावातला बेस्ट वडापाव कुठला?' असे प्रश्न. हा दिवस कोणा सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेला नाही. ही तारीख जम्बोकिंग या वडापाव विकणाऱ्या साखळीशी जोडलेली आहे. धीरज गुप्ता यांनी २००१ मध्ये मुंबईत मालाड स्टेशनबाहेर आपलं पहिलं दुकान सुरू केलं, त्याचा हा वर्धापनदिन.

वडापाव त्याहून बराच जुना आहे. प्रचलित माहितीनुसार १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो जन्माला आला. कसारा मार्गावरच्याच कल्याणमध्ये २००४ साली गोली वडापाव ही साखळी सुरू झाली. मात्र एका दुकानाच्या वर्धापनदिनाला अख्ख्या पदार्थाचा दिवस म्हणून ओळख मिळणं, हे मोठ्या बजेटच्या जाहिरातीलाही सहज जमत नाही. पोस्ट टाकणाऱ्याला वाटतं, आपण आपल्या आवडत्या पदार्थाचं कौतुक करतोय. ते खरंही आहे. त्यात कोणाचं नुकसान नाही, उलट गल्लीतल्या गाडीवाल्यालाही त्या दिवशी फायदा होऊ शकतो. तरीही हे कळलेलं बरं, की सगळ्यात यशस्वी जाहिरात जाहिरातीसारखी दिसत नाही.

एका सेंटचा बर्गर आणि तुमचं लोकेशन

डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने 'व्हॉपर डीटूर' नावाची मोहीम चालवली. ऑफर अशी होती की व्हॉपर बर्गर फक्त एका सेंटला मिळेल. पण त्यासाठी बर्गर किंगचं अ‍ॅप घेऊन प्रतिस्पर्धी मॅकडोनाल्ड्सच्या दुकानापासून ६०० फुटांच्या आत, म्हणजे साधारण १८० मीटरवर जायचं. तिथे पोहोचलं की अ‍ॅपमधली ऑफर उघडायची, आणि मग अ‍ॅप जवळच्या बर्गर किंगचा रस्ता दाखवायचं.

नकाशावर अदृश्य कुंपण घालून त्यात शिरणाऱ्या मोबाइलला ओळखण्याच्या या तंत्राला 'जिओफेन्सिंग' म्हणतात. नऊ दिवसांत अ‍ॅप सुमारे १५ लाख वेळा डाउनलोड झालं. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान येथील जाहिरात महोत्सवात या मोहिमेला सर्वोच्च पुरस्कार मिळाले.

लोकांनी प्रतिस्पर्ध्याची फजिती म्हणून हसून घेतलं. कंपनीला यातून मिळालं ते वेगळंच होतं. लाखो मोबाइलमध्ये तिचं अ‍ॅप गेलं आणि लोकेशन वापरण्याची परवानगीही मिळाली. बर्गर एकदाच खाल्ला जातो. परवानगी मात्र आपण बंद करेपर्यंत तशीच राहते.

दहा मित्र द्या, एक बर्गर घ्या

याच कंपनीने २००९ च्या जानेवारीत फेसबुकवर 'व्हॉपर सॅक्रिफाइस' आणलं होतं. आपल्या यादीतल्या दहा मित्रांना काढून टाका आणि एक बर्गर फुकट मिळवा. ज्याला काढलं त्याला तसा संदेशही जायचा, की बर्गरसाठी तुझा बळी दिलाय. २ लाख ३३ हजार ९०६ मैत्र्या अशा तुटल्या. बर्गरच्या किमतीवरून अमेरिकी माध्यमांनी हिशोब मांडला, तर एक फेसबुक मित्र पडला सुमारे ३७ सेंटला.

यादीतून काढल्याचं समोरच्याला कळवणं हे फेसबुकच्या गोपनीयतेच्या धोरणात बसत नव्हतं. फेसबुकने ते संदेश बंद करायला लावले आणि कंपनीने मोहीमच गुंडाळली. काही दिवसांची गंमत होती, पण एक गोष्ट उघडी पडली. अशा ऑफरमध्ये चलन म्हणून नेहमी नोटाच वापरतात असं नाही. कधी मित्रयादी, कधी फोन नंबर, कधी आवाज, कधी फोटो.

भारतात काय चाललं?

बर्गर किंग नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतात आलं, तेव्हा दिल्लीतलं पहिलं दुकान उघडण्याआधीच ईबे या खरेदीच्या संकेतस्थळावर व्हॉपरची आगाऊ नोंदणी घेतली गेली. मोबाइल बुक करावा तसा बर्गर बुक करायचा, ही बातमीच जाहिरात ठरली.

२०१९ मध्ये स्विगी या डिलिव्हरी अ‍ॅपने इन्स्टाग्रामवर 'व्हॉइस ऑफ हंगर' स्पर्धा घेतली. इन्स्टाग्रामवर आवाज रेकॉर्ड केला की त्याची चढ-उताराची रेघ दिसते. ती रेघ कबाबाच्या सळईसारखी किंवा माशासारखी दिसेल असा आवाज काढायचा आणि स्विगीला पाठवायचा. लोकांनी घसा खरवडून आवाज काढले. या मोहिमेनेही कानमध्ये पुरस्कार पटकावला. इथे लोकांनी आपला वेळ दिला, खेळही मजेदार होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये टोमॅटो महागले, तेव्हा बर्गर किंगच्या भारतातल्या दुकानांत 'टोमॅटोलाही सुट्टी लागते' अशा आशयाची सूचना झळकली. बर्गरमधून टोमॅटो गायब झाला होता, पण सूचनेचा फोटो सगळीकडे फिरला. ग्राहकाची तक्रार व्हायची ती विनोदावर निभावली. टोमॅटो पिकवणाऱ्याला त्या काळात काय मिळालं आणि भाव पडल्यावर काय मिळतं, हा प्रश्न त्या विनोदात कुठेच नव्हता.

डाव उलटतो तेव्हा

लोकांच्या हाती जाहिरात सोपवली की ती कुठे जाईल हे कंपनीच्या हातात राहत नाही. जानेवारी २०१२ मध्ये मॅकडोनाल्ड्सने ट्विटरवर 'मॅकडीस्टोरीज' हा हॅशटॅग चालवला. गोड आठवणी येतील अशी अपेक्षा होती. आल्या त्या तक्रारी आणि टवाळ्या. दोन तासांच्या आत कंपनीने पैसे देऊन चालवलेला प्रचार थांबवला.

रशियात २०१८ मध्ये डॉमिनोजने जाहीर केलं, की अंगावर दिसेल अशा जागी आमचं चिन्ह गोंदवा आणि १०० वर्षं दरवर्षी १०० पिझ्झा फुकट न्या. मोहीम दोन महिने चालणार होती. लोक इतक्या उत्साहाने सुया टोचून घ्यायला गेले, की काही दिवसांतच कंपनीला साडेतीनशेची मर्यादा घालून ती बंद करावी लागली.

आपल्याकडचं उदाहरण जास्त गंभीर आहे. ५ जून २०२३ ला, जागतिक पर्यावरण दिनी, झोमॅटोने प्लॅस्टिकच्या पुनर्वापरावर एक व्हिडिओ टाकला. आशुतोष गोवारीकर यांच्या 'लगान' चित्रपटातलं 'कचरा' हे पात्र साकारणारे अभिनेते त्यात दिवा, टेबल, टॉवेल अशा रूपांत दाखवले होते. चित्रपटातला कचरा दलित आहे. ज्याला गाव शिवत नाही, त्याच माणसाला वस्तू बनवून दाखवल्याबद्दल तीव्र टीका झाली. दिग्दर्शक नीरज घायवान यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. उद्देश जनजागृतीचा होता असं सांगत कंपनीने व्हिडिओ मागे घेतला. शब्दावर कोटी करणं सोपं असतं. त्या शब्दाचे चटके कोणी सोसलेत, हे पोस्ट टाकण्याआधी पाहावं लागतं.

नियम काय सांगतात?

जाहिरातींवर लक्ष ठेवणारी 'अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया' ही मुंबईतली संस्था १९८५ पासून काम करते. ती सरकारी नाही, उद्योगानेच स्वतःवर नजर ठेवायला काढलेली आहे. तिच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १४ जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरने पैसे, भेटवस्तू किंवा फुकट जेवण घेऊन केलेल्या पोस्टवर 'अ‍ॅड', 'स्पॉन्सर्ड', 'कोलॅबोरेशन' असा शिक्का स्पष्ट दिसला पाहिजे. सरकारी बाजूने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

मुलांसाठी वेगळा नियम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमावलीनुसार जास्त मेद, मीठ, साखर असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. पण मोबाइलला फाटक नसतं. खर्डीतल्या शाळेच्या भिंतीवर जी जाहिरात लावता येणार नाही, ती घरी आईच्या मोबाइलवर कार्टूनच्या मध्येच येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर तरी पहिलं फाटक घरातल्या मोठ्यांनाच व्हावं लागेल.

या गर्दीत घुसलेले भामटे

खऱ्या मोहिमा इतक्या विचित्र असतात, की खोटी ऑफरही खरी वाटते. 'वर्धापनदिनानिमित्त फुकट बर्गर, लिंक दहा जणांना पाठवा' असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. दहा जणांना पाठवून बर्गर मिळत नाही, फक्त आणखी दहा जण जाळ्यात येतात.

त्याहून महागात पडते ती खोटी फ्रँचायझी. मुंबई-नाशिक महामार्गालगत जागा असलेल्या एखाद्या तरुणाला मोठ्या ब्रँडचं दुकान टाकावंसं वाटणं साहजिक आहे. तो शोधायला जातो आणि हुबेहूब दिसणारं संकेतस्थळ समोर येतं. अर्ज भरला की 'नोंदणी शुल्क', मग 'परवाना शुल्क', मग 'अनामत' अशी मागणी वाढत जाते. बर्गर किंगच्या नावाने चाललेल्या अशा बनावट संकेतस्थळांचं प्रकरण २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलं होतं. अशा वेळी शोधातल्या पहिल्या जाहिरातीवर विश्वास न ठेवता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून खात्री करावी, कोणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे भरू नयेत. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

शेअर करण्याआधी तीन प्रश्न

चांगल्या मोहिमेत भाग घ्यायला हरकत काहीच नाही. हसायला येतं, कधी खरोखर स्वस्तात खायलाही मिळतं. फक्त तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. यात मी काय देतोय: पैसे, नंबर, लोकेशन की मित्रांची यादी? ही पोस्ट करणाऱ्याला यासाठी पैसे मिळालेत का? आणि या विनोदात कोणाची थट्टा होतेय?

अ‍ॅप घेतलंच असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशनची परवानगी 'अ‍ॅप वापरताना' एवढीच ठेवता येते, नको असेल तर बंदही करता येते. नोटिफिकेशनचंही तसंच.

आणि हीच युक्ती छोट्या विक्रेत्यालाही वापरता येते. त्यासाठी एजन्सी लागत नाही. स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याने 'सहाची लोकल आली, घाणा गरम आहे' एवढा स्टेटस रोज टाकला, तर तेही मोमेंट मार्केटिंगच. फरक इतकाच, की त्याला कोणाचं लोकेशन मागावं लागत नाही. कोणती गाडी कधी येते, हे त्याला आधीच माहीत असतं.