मोटारीचा रेडिएटर

मोटारीचा रेडिएटर हा द्रवशीतित इंजिनातील उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारा उष्णता-विनिमयक आहे. इंजिनाभोवती फिरून तापलेला शीतक द्रव (कूलंट) रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहतो, तेथे थंड होतो आणि पुन्हा इंजिनाकडे परततो. इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक-तृतीयांश उष्णता उपयुक्त कार्यात रूपांतरित होते, तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेली मुख्यतः शीतन यंत्रणेला बाहेर टाकावी लागते. त्यामुळे रेडिएटर निकामी झाल्यास इंजिनाचे कायमचे नुकसान काही मिनिटांतही होऊ शकते.

इतिहास

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीत पाणी उकळून वाफ होऊ देणारी बाष्पीभवनाची शीतन पद्धत होती. अशा गाडीत वारंवार पाणी भरावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर तयार केला आणि तो मर्सिडीज ३५ एचपी या मोटारीत वापरला गेला. त्यात ६ × ६ मिलिमीटर छेदाच्या ८,०७० नळ्या होत्या. हवेशी संपर्काचे क्षेत्र वाढल्याने कमी पाण्यात अधिक शक्तिशाली इंजिन थंड ठेवणे शक्य झाले.

महाराष्ट्रात मोटारनिर्मितीचा पाया सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी घातला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईतील कुर्ला येथे होता. या कंपनीची पद्मिनी ही मोटार मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावत होती. पद्मिनीच्या पिढीतील मोटारींचे रेडिएटर तांबे व पितळ यांचे असत. पुढे टाटा समूह व जपानी रेडिएटर उत्पादक यांच्या भागीदारीतून टाटा टोयो रेडिएटर हा उद्योग पुण्यात उभा राहिला.

रचना आणि कार्य

रेडिएटरच्या मधल्या भागाला जाळी किंवा कोअर म्हणतात. तीत चपट्या नळ्या व त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्याच्या पाती (फिन) असतात. जाळीच्या दोन्ही टोकांना टाक्या असतात. जुन्या रेडिएटरमध्ये सर्व भाग झाळकामाने जोडलेले असत. आधुनिक रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची व टाक्या प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांच्या जोडावर रबरी गॅस्केट दाबून बसवलेले असते.

शीतक फिरवण्याचे काम वॉटर पंप करतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट ही झडप बंद राहते व द्रव इंजिनातच फिरतो. सामान्यतः ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती उघडू लागते. गाडी वेगात असताना समोरून येणारी हवा पुरेशी असते. गाडी थांबलेली किंवा संथ असताना पंख्याची गरज लागते.

रेडिएटरचे झाकण हा प्रत्यक्षात दाबनियंत्रक असतो. यंत्रणेतील दाब वातावरणापेक्षा सुमारे १ बारने वाढल्यास पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडल्यास दाब अचानक कमी होऊन उकळता द्रव उसळतो व गंभीर भाजण्याचा धोका असतो.

शीतक द्रव

बहुतेक शीतकांत इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायने असतात. ग्लायकॉल व पाण्याचे समप्रमाणातील मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गोठते. महाराष्ट्रात गोठण्याचा प्रश्न क्वचितच येतो. येथे शीतकाचे महत्त्व उत्कलनबिंदू वाढवणे आणि गंज रोखणे यांत आहे. केवळ ग्लायकॉल वापरणे मात्र योग्य नाही, कारण पाण्याच्या तुलनेत त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता कमी असते.

पारंपरिक सिलिकेटयुक्त शीतक साधारणतः दोन वर्षांनी, तर सेंद्रिय आम्लांवर आधारित शीतक सुमारे पाच वर्षांनी बदलतात. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग सर्व उत्पादकांत समान अर्थाने वापरले जात नाहीत. त्यामुळे रंगावरून प्रकार ठरवणे किंवा दोन प्रकार मिसळणे टाळले जाते. इथिलीन ग्लायकॉल गोडसर परंतु विषारी आहे. मुले व पाळीव जनावरे यांच्यापासून ते दूर ठेवणे आवश्यक असते.

सोलापूर परिसरातील परिस्थिती

दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग हे गाव सोलापूर–अक्कलकोट मार्गावर आहे. या भागात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान अनेकदा ४० अंशांच्या वर जाते. रेडिएटरमधून बाहेर पडणारी उष्णता शीतक व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. शीतक ९५ अंशांवर असताना २५ अंशांच्या हवेत हा फरक ७० अंश, तर ४३ अंशांच्या हवेत ५२ अंश असतो. म्हणजेच इतर परिस्थिती समान असल्यास उन्हाळ्यात रेडिएटरची क्षमता सुमारे एक-चतुर्थांशाने घटते. वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्याने तो चालू असताना येणारी हवा आधीच तापलेली असते. अक्कलकोटकडील सपाट रस्त्यावर लक्षात न येणारा दोष तुळजापूरच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात त्यामुळे अचानक उघड होतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते तापल्यावर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार नळ्यांच्या आत थर धरतात. म्हणून मिश्रणासाठी ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त पाणी वापरतात. धूळ, कीटक व सुके पाचट जाळीत अडकूनही हवा अडते.

उष्ण भागांत थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आढळते. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते व झीज वाढते. मूळ दोष मात्र तसाच राहतो.

देखभाल

इंजिन थंड असताना राखीव टाकीतील पातळी किमान व कमाल खुणांच्या दरम्यान आहे का, हे पाहिले जाते. पातळी वारंवार घटणे हे गळतीचे लक्षण आहे. होज पाईप फुगणे, तडकणे किंवा मऊ पडणे, जोडांवर वाळलेल्या शीतकाचे डाग दिसणे आणि झाकणाचे रबर कडक होणे यांची तपासणी सोपी असते. जाळी धुताना पाण्याचा दाब कमी ठेवतात. जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात.

इंजिन ऑईल दुधाळ होणे, धुरांड्यातून सतत पांढरा धूर येणे किंवा राखीव टाकीत बुडबुडे दिसणे ही हेड गॅस्केट निकामी झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी केवळ रेडिएटर बदलून उपयोग होत नाही.

इंजिन तापल्यास

तापमानदर्शक काटा वर गेल्यास वातानुकूलन बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवतात व इंजिन बंद करून ते पूर्ण निवेपर्यंत थांबतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो. शीतक पूर्णपणे गळून गेल्यास संवेदक द्रवाबाहेर राहतो आणि काटा कमी तापमान दाखवू शकतो. त्यामुळे काटा खाली आला म्हणून दोष दूर झाला असे समजता येत नाही. इंजिन निवल्यावर आणीबाणीत साधे पाणी भरता येते, परंतु दुरुस्तीनंतर ते काढून योग्य शीतक भरावे लागते.

दुरुस्ती आणि बदल

तांबे-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडून नळ्या साफ करता येतात व छिद्रे झाळून बंद करता येतात. ॲल्युमिनियमची जाळी किंवा तडकलेली प्लॅस्टिकची टाकी असल्यास सहसा संपूर्ण रेडिएटर बदलला जातो. गळती रोखणारी पूड तात्पुरती उपयोगी पडते. तिने बारीक नळ्या व हीटरची जाळी तुंबू शकते.

रेडिएटर बदलण्याचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवतात, कारण विजेवर चालणारा पंखा अचानक सुरू होऊ शकतो.
२. झाकण उघडून खालच्या बुचातून किंवा खालच्या होज पाईपमधून शीतक भांड्यात काढतात.
३. होज पाईप, पंख्याची वायर आणि पंखा त्याच्या आवरणासह काढतात. स्वयंचलित गिअरच्या गाडीत तेलाच्या नळ्याही सोडवून त्यांची तोंडे बंद करतात.
४. वरचे आधार सोडवून रेडिएटर सरळ वर उचलतात. कंडेन्सरच्या नळ्या सोडवत नाहीत, कारण त्यांत दाबाखालील वायू असतो.
५. नवा रेडिएटर मापे व जोड जुळवून, रबरी आधारांवर बसवतात. जुने होज पाईप व क्लिपा शक्यतो त्याच वेळी बदलतात.
६. बॅटरीची तार जोडून शीतक सावकाश भरतात, हीटर चालू ठेवून व उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने यंत्रणेतील हवा काढतात आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवतात.
७. इंजिन पुन्हा निवल्यावर पातळी व गळती तपासतात.

यंत्रणेत राहिलेली हवा हे नव्या रेडिएटरनंतरही इंजिन तापण्याचे नेहमीचे कारण आहे. काढलेला शीतक गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतणे धोकादायक असते. तो बंद भांड्यात साठवून योग्य विल्हेवाटीसाठी द्यावा लागतो.

हेही पहा

अंतर्ज्वलन इंजिन
थर्मोस्टॅट
उष्णता-विनिमयक