राजाचे कुत्रे, बायकोचे कुत्रे आणि लंडनमधील एक तळघर

फेब्रुवारी १६६०. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील अ‍ॅक्स यार्ड या गल्लीत राहणारा एक तरुण कारकून रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बायकोशी भांडतो आहे. कारण राजकीय नाही. खरे तर त्या आठवड्यांत इंग्लंडमध्ये राजकारणाची काही वाण नव्हती. क्रॉमवेलच्या मागे उरलेली सत्ता कोसळत होती आणि लष्कर राजधानीत येऊन बसले होते. भांडण मात्र कुत्र्यावरून आहे. मेव्हण्याने बहिणीला भेट दिलेले ते कुत्रे यापुढे घरात मुतले, तर आपण त्याला खिडकीबाहेर फेकून देऊ, असे नवऱ्याने बजावले आहे.

हा कारकून म्हणजे सॅम्युअल पीप्स. पुढे तो इंग्लिश आरमाराच्या कारभारातील मोठा अधिकारी झाला. पण इतिहासाला तो ठाऊक आहे तो १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत लघुलिपीत लिहिलेल्या रोजनिशीमुळे. (तेव्हा इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जुन्या कागदांत हा फेब्रुवारी १६५९/६० असा दुहेरी लिहिलेला आढळतो.) आरमार, प्लेग आणि लंडनची महाआग या विषयांसाठी अभ्यासक ती रोजनिशी चाळतात. पण घरात पाळलेल्या कुत्र्याला मलमूत्राची शिस्त लावणे या प्रश्नाचा, एका संसारातून दिसणारा इतका मोकळा पुरावाही त्या काळातून क्वचितच मिळतो.

गंमत अशी की थोड्याच दिवसांपूर्वी ते काळे कुत्रे पीप्सला फार आवडले होते. ज्याने कधी पिल्लू घरात आणले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

या भांडणाच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे : घराची जमीन. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड पाहून गेलेल्या इरॅस्मसने तेथील घरांविषयी एका पत्रात किळसून लिहिले आहे. जमिनीवर लव्हाळे अंथरत. वरचा थर अधूनमधून बदलला जाई, पण खालचा वर्षानुवर्षे, कधी वीस वर्षेसुद्धा, तसाच राही. आणि त्यात थुंकी, वांती, सांडलेली बिअर, माशांचे अवशेष आणि माणसांचे व कुत्र्यांचे मूत्र साचत जाई. इरॅस्मस थोडे तिखटमीठ लावून लिहिणारा होता, हे मान्य केले तरी मुद्दा उरतो. अशा घरात कुत्र्याच्या एका थेंबाने काय बिघडणार? पीप्सच्या पिढीतील मध्यमवर्गीय घरांत फळ्यांची उघडी जमीन होती, भिंतींवर कापडी पडदे होते आणि चार पाहुणे घरी बोलावण्याची हौस होती. कुत्रे बदलले नव्हते. त्याच्या पायाखालची जमीन बदलली होती आणि तिच्यावरील डाग आता दिसू लागला होता.

लहान जातीचे कुत्रे हौसेने घरात बाळगण्याची पद्धत मात्र त्याहून जुनी. केंब्रिजचा वैद्य जॉन कीज याने १५७० मध्ये ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. सहा वर्षांनी तिचे इंग्रजी भाषांतर झाले. शिकारी आणि राखणीच्या कुत्र्यांचे वर्णन करणारा कीज, उच्चकुलीन स्त्रियांच्या मांडीवरील चिमुकल्या स्पॅनियलपाशी आला की टिंगलीवर उतरतो. ही कुत्री जितकी लहान तितकी मौल्यवान, कारण ती छातीशी धरता येतात, मंचकावर घेता येतात. त्यांच्या उबेने पोटाचे दुखणे कमी होते, ही समजूत त्याने नोंदवली आहे. पण ज्या प्राण्याला दिवसरात्र अंगाखांद्यावर घ्यायचे, त्याला बाहेर कधी न्यायचे, याबद्दल त्याला सांगण्यासारखे काही सुचलेले दिसत नाही. वैद्याला नसेल, ते काम दासींचे होते.

आता त्याच वर्षाचा मे महिना. दुसऱ्या चार्ल्सला हॉलंडहून परत आणणाऱ्या ताफ्यात पीप्स आहे. २५ मे रोजी राजा डोव्हरच्या किनाऱ्यावर उतरला. त्या दिवशी पीप्स ज्या होडीत होता, तिच्यात राजाचा एक सेवक आणि राजाचे लाडके कुत्रेही होते. कुत्र्याने होडीतच घाण केली. सगळे हसले. पीप्सच्या मनात विचार आला की राजा आणि राजाचे जे जे काही, ते शेवटी इतरांसारखेच असते.

हे वाक्य पीप्सच्या मोकळ्या बुद्धीचा नमुना म्हणून वारंवार सांगितले जाते, आणि ते तसे आहेही. पण फेब्रुवारीतील खिडकी आठवली की त्याला दुसरीही एक बाजू दिसते. राजाच्या कुत्र्याने केले ते तत्त्वचिंतनाचे निमित्त ठरले. बायकोच्या कुत्र्याने तेच केले तेव्हा कडेलोटाची धमकी मिळाली.

चार्ल्सचे कुत्र्यांचे वेड खरे होते. गादीवर येऊन काही आठवडे होतात न होतात तोच ‘मर्क्युरियस पब्लिकस’ या वृत्तपत्रात त्याच्या हरवलेल्या काळ्या कुत्र्याची जाहिरात आली होती. ४ सप्टेंबर १६६७ रोजी पीप्सने राजाला मंत्रिमंडळाच्या बैठकीत पाहिले, तेव्हा तो कामकाजाकडे लक्ष न देता कुत्र्याशी खेळत होता. (याच राजाला पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहात मुंबई आंदण मिळाली होती. पोर्तुगीज गव्हर्नर बेट ताब्यात देत नाही, ही तक्रार पीप्सच्याच रोजनिशीत १६६३ मध्ये येते. पुढे १६६८ मध्ये चार्ल्सने ते वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.) राजा १६८५ मध्ये वारला, तेव्हा जॉन इव्हलिनने त्याचे गुणदोष लिहिताना कुत्र्यांनाही जागा दिली : राजाच्या शयनगृहात स्पॅनियल कुत्र्या वीत, पिल्लांना पाजत आणि त्यामुळे ती खोलीच काय, सारा दरबार घाणीने दरवळत असे. राजवाड्यात नोकरांची फौज होती. उणीव होती ती कुत्र्याला बाहेर काढा असे राजाला सांगू शकणाऱ्या माणसाची.

आणि दरबारी मंडळी तरी कुठे शिस्तीची? प्लेगच्या भीतीने दरबार १६६५ मध्ये ऑक्सफर्डला गेला. तो परतल्यावर तेथील अँथनी वूड या इतिहासकाराने संतापून लिहिले की हे लोक दिसायला छानछोकीचे, पण जाताना कोपऱ्याकोपऱ्यांत, धुराड्यांत, अभ्यासिकांत, कोळशाच्या कोठारांत आणि तळघरांत आपली विष्ठा ठेवून गेले. खुद्द पीप्सवरही सप्टेंबर १६६५ मध्ये असा प्रसंग आला. ग्रिनिचला परक्या घरी मुक्काम, रात्री पोट बिघडलेले, खोलीत शौचपात्र ठेवलेले नाही. त्याने दोनदा शेकोटीचा आडोसा घेतला आणि रोजनिशीत तसे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्याला कोणी खिडकीबाहेर फेकले नाही.

पण कहाणीचा गाभा आहे तो १६६० च्या शरदात. जुलैमध्ये पीप्स दांपत्य सीदिंग लेनमधील आरमार कचेरीच्या प्रशस्त घरात राहायला आले. २० ऑक्टोबरला तळघराच्या खिडकीचे काही काम निघाले म्हणून पीप्स खाली उतरला आणि त्याचा पाय विष्ठेच्या ढिगाऱ्यात गेला. शेजाऱ्याचा शौचकूप तुडुंब भरून पीप्सच्या तळघरात वाहत होता. त्या काळच्या लंडनमध्ये मैला घराखालच्या खड्ड्यात साठे आणि रात्री माणसे येऊन तो उपसून नेत. उपसा लांबला की असे घडे. पीप्स त्रासला, पण याचा बंदोबस्त करून घेऊ एवढेच लिहून पुढच्या कामाला लागला.

त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, नवरा-बायकोचे पुन्हा कुत्र्यावरून वाजले. कुत्रे घर घाण करते म्हणून त्याला रात्री तळघरात डांबायचे, असा पीप्सचा आग्रह. त्याच तळघरात.

एलिझाबेथ तेव्हा नुकती वीस वर्षांची झाली होती. लग्नाला पाच वर्षे होत होती, मूल नव्हते. नवरा दिवसभर कचेरीत आणि संध्याकाळी बहुधा मद्यगृहात. तिची बाजू रोजनिशीत येत नाही. विरोध केला एवढेच कळते. पीप्सने आपलेच खरे केले. कुत्रे खाली गेले आणि वर दोघे रात्रभर अबोल्यात पडून राहिले. त्या रात्री पीप्सला बायको मेल्याचे स्वप्न पडले आणि धड झोप लागली नाही.

अंधारात कोंडून कुत्रे सुधारत नाही, हे आज कोणताही प्रशिक्षक सांगेल. लहान कुत्र्याचे मूत्राशयही लहान. त्याला वारंवार बाहेर न्यावे लागते, तिथल्या तिथे शाबासकी द्यावी लागते आणि घरात जिथे वास राहिला असेल ती जागा पूर्ण स्वच्छ करावी लागते, कारण तोच वास त्याला पुन्हा तिथे ओढून आणतो. तासाभराने केलेल्या शिक्षेचा संबंध त्याला डबक्याशी जोडता येत नाही. तो माणसाला भिऊ लागतो आणि पलंगाखाली लपून तेच करतो. मग त्याला ‘हट्टी’ म्हणतात. ज्या घराच्या पायाखालीच शेजाऱ्याचा मैला मुरलेला, तिथे कुत्र्याच्या नाकाला कोणती जागा योग्य आणि कोणती अयोग्य, हे कोणत्या खुणेने कळणार होते?

पीप्सच्या घरातून कुत्री मात्र गेली नाहीत. रोजनिशीत पुढे एलिझाबेथच्या फॅन्सी नावाच्या कुत्रीचा उल्लेख येतो. १६ सप्टेंबर १६६८ रोजी वडिलांच्या पत्रातून पीप्सला कळले की खेड्याकडे असलेली फॅन्सी गाभण असतानाच मेली. त्याला वाईट वाटले. आपल्या सर्वांत जुन्या परिचितांपैकी आणि सेवकांपैकी ती एक होती, असे त्याने लिहिले.

आठ महिन्यांनी, डोळे जातील या भीतीने, त्याने रोजनिशी बंद केली. १० नोव्हेंबर १६६९ रोजी एलिझाबेथ तापाने वारली. ती २९ वर्षांची होती. त्या दिवसाविषयी पीप्सची नोंद नाही.