जुन्या मोटारींना छप्पर : पॅरिसच्या पोर्त द व्हर्सायची गोष्ट

पॅरिसला जाऊन आलेला माणूस सहसा आयफेल टॉवरबद्दल लिहितो. मी मात्र एका प्रदर्शनाच्या मैदानाबद्दल लिहिणार आहे, आणि त्या निमित्ताने एका पाडलेल्या रेल्वे स्थानकाबद्दलही. मैदानाचे नाव पोर्त द व्हर्साय. दरवर्षी ऐन थंडीत, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, तिथे ‘रेत्रोमोबील’ नावाचा जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरतो. 2015 साली माझा चुलतभाऊ नोकरीनिमित्त तिकडे होता. मी रजा काढून गेलो, आणि “दादा, तुला यंत्रांचे वेड, तुला इथेच न्यायला हवे” म्हणून त्याने मला नेले. गेलो मोटारी बघायला आणि निम्मा वेळ मान वर करून छप्परच बघत राहिलो. आमच्या खात्यातल्या लोकांची ही खोडच आहे.

‘पोर्त’ म्हणजे वेस. 1840 च्या दशकात पॅरिसभोवती तटबंदी उभारली गेली आणि तिला ठिकठिकाणी दरवाजे ठेवले. व्हर्सायच्या राजवाड्याकडे जाणारा रस्ता ज्या दरवाजातून बाहेर पडे तो हा. पहिल्या महायुद्धानंतर तट पाडला गेला, नावे राहिली. दिल्लीत मोरी गेट आता शोधून सापडत नाही, पण बसच्या पाटीवर आहे, तसेच हे. शहराच्या या कडेला 1923 साली ‘फ्वार द पारी’ या व्यापारी जत्रेसाठी कायमचे आवार उघडले. ही जत्रा त्याआधी 1904 पासून जागा बदलत भरत असे. भुयारी रेल्वे इथे 1910 सालीच पोचली होती. आजची 12 क्रमांकाची मार्गिका ती हीच. आता दारातून ट्रामही जाते. लाखांनी माणसे येणार असतील तर आधी रूळ आणि मग मंडप हा क्रम किती सोयीचा असतो, हे आपल्याकडच्या जत्रांची गर्दी हाताळलेल्यांना सांगायला नको.

आज आवारात सात मोठी दालने आहेत. त्यांचे एकूण क्षेत्रफळ दोन लाख चौरस मीटरहून अधिक. जमीन चढाची आहे, म्हणून मधल्या रस्त्यावर लोकांसाठी सरकते पट्टे बसवले आहेत. एका दालनातून दुसऱ्यात जायचे तर चांगली पायपीट होते. दालनात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो मोकळेपणा. खांब फार थोडे, आणि जे आहेत ते एकमेकांपासून लांब लांब. आपल्या वर्कशॉपमध्ये क्रेनच्या गर्डरसाठी ठरावीक अंतरावर खांब येतातच, त्यामुळे अशी मोकळी जागा पाहिली की मन आपोआप गाळा मोजू लागते.

या मोकळेपणाचा इतिहास मोटारीहून जुना आहे आणि तो आपल्या रेल्वेकडे जातो. वाफेच्या इंजिनांचा धूर कोंडू नये आणि फलाटांच्या मध्ये खांब येऊ नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकात स्थानकांवर लोखंडी कमानींची प्रचंड छपरे आली. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या छपराचा गाळा 1868 साली सुमारे 73 मीटर होता. तोच हिशेब प्रदर्शनवाल्यांनी उचलला. 1889 साली, आयफेल टॉवरच्याच वर्षी, पॅरिसमध्ये ‘यंत्रांचे दालन’ उभे राहिले. त्याचा गाळा शंभर मीटरहून मोठा आणि लांबी चारशे मीटरवर होती. टॉवर टिकला, दालन 1910 च्या सुमारास मोडून टाकले. माझ्या मते अभियांत्रिकी म्हणून ते टॉवरपेक्षा कमी नव्हते, पण उंच वस्तू लोकांच्या नजरेत भरते, रुंद वस्तू भरत नाही.

मोटारींचे पहिले मोठे प्रदर्शन पॅरिसमध्ये 1898 साली त्युइलरी बागेत भरले. त्यात एक अट होती, ती मला फार आवडली. मांडायची गाडी पॅरिसहून व्हर्सायला आणि परत स्वतःच्या बळावर धावून आलेली असली पाहिजे, ढकलून आणलेली चालणार नाही. पुढे 1901 पासून हे प्रदर्शन ग्राँ पाले या काचेच्या छपराच्या वास्तूत भरू लागले आणि मधली युद्धाची वर्षे सोडता साठ वर्षे तिथेच राहिले. 1955 साली सित्रोएन कंपनीची ‘डीएस’ तिथेच लोकांपुढे आली आणि पहिल्याच दिवशी तिची सुमारे बारा हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. शेवटी जागा पुरेना, आणि 1962 च्या ऑक्टोबरात मोटारींचे प्रदर्शन पोर्त द व्हर्सायला हलले.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, जरी मोटारींच्या पुस्तकांत ती सहसा येत नाही. बरोबर एक वर्ष आधी, 17 ऑक्टोबर 1961 च्या रात्री, पॅरिसमधल्या अल्जिरियन लोकांनी त्यांच्यापुरत्याच लावलेल्या रात्रीच्या संचारबंदीविरुद्ध निःशस्त्र मोर्चा काढला. अल्जिरियाचे स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा चालू होते. पोलिसांनी हजारो लोकांना पकडले, अनेकांना ठार केले, काहींना सीन नदीत फेकले. मृतांचे आकडे आजही वेगवेगळे दिले जातात. पकडलेल्यांना ठेवायला एवढी मोठी बंद जागा कुठे मिळणार? पोर्त द व्हर्सायला एक वर्षापूर्वीच बांधलेला क्रीडा महाल होता, तिथे हजारोंना कोंडले. तीन दिवसांनी त्याच महालात अमेरिकी गायक रे चार्ल्स यांचा कार्यक्रम ठरलेला होता. कार्यक्रम रद्द झाला नाही. उरलेल्या कैद्यांना शेजारच्या प्रदर्शनाच्या दालनात हलवले, महाल धुऊन काढला आणि गाणे झाले. पुढच्या ऑक्टोबरात याच आवारात लखलखत्या नव्या मोटारी मांडल्या गेल्या.

मोठे छप्पर कुणालाही नाही म्हणत नाही, आत कोणाला आणायचे ते माणसे ठरवतात. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये याच आवारात व्हॉलीबॉल, टेबल टेनिस आणि भारोत्तोलनाचे सामने झाले. टीव्हीवर बघताना मला ते दालन लगेच ओळखू आले, आणि 1961 आठवले.

आता रेत्रोमोबीलकडे येऊ. नव्या मोटारींना ग्राँ पाले होते, पोर्त द व्हर्साय होते, जुन्यांना मात्र कोणी विचारत नव्हते. चाळीस-पन्नास वर्षांची गाडी म्हणजे भंगार, अशीच तिथेही रीत होती. 1976 साली मार्क निकोलोझी यांनी जुन्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग यांचा पहिला मेळा भरवला. त्यासाठी त्यांना जागा मिळाली ती बंद पडलेल्या बास्तीय रेल्वे स्थानकात.

हे स्थानक 1859 साली उघडले होते. इथून व्हँसेनकडे उपनगरी गाड्या सुटत, आणि शहरात शिरताना त्या एका लांब विटांच्या पुलावरून, घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून येत. विजेची गाडी या मार्गावर कधी या स्थानकापर्यंत आलीच नाही. शेवटच्या दिवसापर्यंत वाफेची इंजिने चालली. 14 डिसेंबर 1969 ला स्थानक बंद झाले, कारण पूर्वेकडच्या प्रवाशांसाठी नवी जलद भुयारी रेल्वे सुरू झाली. प्रवासी खाली गेले, छप्पर वर रिकामे राहिले.

जुन्या गाड्यांच्या मेळ्याला अशी जागा किती नेमकी! सपाट जमीन, उंच छत, मोठी दारे, भर वस्तीतला पत्ता आणि तेलाच्या डागांची कुणालाच तक्रार नाही. अशा सुरुवातीतून हा मेळा वाढत गेला, आणि पुढे पोर्त द व्हर्सायच्या मोठ्या दालनांत आला. मधे 2021 साली महामारीमुळे तो झाला नाही आणि 2022 साली मार्चमध्ये भरला, एरवी त्याची थंडीची वेळ ठरलेली.

आम्ही गेलो त्या वर्षी आत काय पाहिले ते थोडे सविस्तर सांगतो. एका बाजूला मोठ्या कंपन्यांनी आपल्या जुन्या गाड्या मांडलेल्या, आरशासारख्या घासलेल्या. दुसऱ्या बाजूला सुट्या भागांचे गाळे. कार्ब्युरेटर, जुने हेडलाइट, स्पीडोमीटर, पितळी भोंगे, माहितीपुस्तिका. मुंबईच्या चोर बाजारात गेलेल्याला हे सर्व ओळखीचे वाटेल, फक्त घासाघीस फ्रेंचमध्ये. बऱ्याच गाड्यांखाली तेल टिपायला पत्र्याचे ताट ठेवलेले. वयस्क इंजिन थोडे गळणारच.

एक गोष्ट तिथे नीट कळली. त्या काळी श्रीमंत ग्राहक कंपनीकडून फक्त सांगाडा, चाके आणि इंजिन घेत आणि वरची बॉडी दुसऱ्याच कारागिराकडून बांधून घेत. आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी तर अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गचा सांगाडा घेऊन लंडनच्या गर्नी नटिंगकडून त्यावर बॉडी बांधून घेतली होती. डब्याची अंडरफ्रेम एकाची आणि शेल दुसऱ्याचे, असे आमच्या भाषेत म्हणता येईल.

पण त्या वर्षी खरी गर्दी होती बायाँच्या गाड्यांपुढे. रोजे बायाँ हे पश्चिम फ्रान्समधले मालवाहतुकीचे व्यावसायिक. 1950 च्या दशकात, जेव्हा युद्धापूर्वीच्या देखण्या गाड्या भंगारात निघत होत्या, तेव्हा ते त्या विकत घेऊन आपल्या आवारात आणत. त्यांना संग्रहालय काढायचे होते. 1970 च्या दशकात धंदा बसला, बऱ्याच गाड्या लिलावात गेल्या. उरलेल्या तिथेच राहिल्या, पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये. शेडना भिंती नव्हत्या. चाळीसएक पावसाळे गेले, वेली चढल्या, पत्रे कोसळले. बायाँ गेले, आणि 2014 साली वारसांनी लिलाव करणाऱ्या आर्तक्युरिआल या संस्थेला बोलावले.

त्यातल्या 59 गाड्या जशा सापडल्या तशाच रेत्रोमोबीलमध्ये आणल्या होत्या. धूळसुद्धा पुसली नव्हती. काहींचा पत्रा जाळीसारखा झालेला, आसनांतून स्प्रिंगा बाहेर, लाकडी सांगाडा बोटाने भुगा होईल असा. एका गाडीचा मागचा भाग कशाखाली तरी दबून चेपला होता. बघणारे लोक हळू आवाजात बोलत होते. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते. आणि याच ढिगात 1961 सालची एक फेरारी होती, एके काळी अभिनेते आलँ दलाँ यांची. ती बंदिस्त गॅरेजात, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती, म्हणून बरीच शाबूत. 6 फेब्रुवारीला लिलाव झाला. त्या एका गाडीला 1 कोटी 62 लाख युरोंहून अधिक किंमत आली, म्हणजे त्या वेळच्या भावाने शंभर कोटी रुपयांच्या वर. सर्व 59 मिळून सुमारे अडीच कोटी युरो झाले. बाकीच्या 58 गाड्यांना मिळून जेवढे मिळाले त्याच्या दुपटीच्या आसपास एकटीने घेतले. अर्थात फेरारीची दुर्मीळता आणि नटाचे नाव यांचाही त्यात मोठा वाटा, पण बंदिस्त गॅरेज आणि उघडी शेड हा फरक मला तरी लहान वाटला नाही.

भाऊ म्हणाला, “एवढे प्रेम होते तर या माणसाने गाड्या अशा कशा ठेवल्या?” माझे मत वेगळे आहे. त्या माणसाने घेतल्या नसत्या तर त्यातल्या बहुतेक 1955 च्या आसपासच भट्टीत गेल्या असत्या. आवड पुरेशी होती, छप्पर पुरेसे नव्हते. पैसे संपले की पहिल्यांदा छपराचे काम थांबते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

आपल्याकडे हेच वाफेच्या इंजिनांचे झाले. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी 1995 साली थांबली, आणि त्याआधीची काही वर्षे इंजिने रांगेने कापली जात होती. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 साली उघडले म्हणून निदान काही वाचली. त्या संग्रहालयात एक मोटारही आहे, हे अनेकांना माहीत नसते. 1914 सालचा जॉन मॉरिस कंपनीचा आगीचा बंब, निजामाच्या रेल्वेचा. दिल्लीच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत तो रस्त्यावर धावलेला आहे. दिल्लीत असलेल्यांनी मुलांना घेऊन जरूर पाहावा.

आणि बास्तीय स्थानक? ज्याने या सगळ्या मेळ्याला पहिला आसरा दिला, त्याला स्वतःला कोणी वाचवले नाही. सीनकाठचे ओर्से स्थानक नशीबवान ठरले, 1986 साली त्याचे कलासंग्रहालय झाले. बास्तीय 1984 साली पाडले आणि त्या जागी नवे संगीतनाट्यगृह बांधले, 1989 च्या जुलैत त्याचे उद्‌घाटन झाले. परतीच्या आदल्या दिवशी मी भावाला घेऊन तिथे गेलो. काचेची गोल इमारत, बाहेर पायऱ्यांवर बसलेली मुले, स्थानकाचा मागमूस नाही. मागच्या बाजूला मात्र तो विटांचा पूल अजून आहे. खालच्या कमानींमध्ये कारागिरांची दुकाने थाटली आहेत आणि वर, जिथून गाड्या येत, तिथे झाडे लावून फिरायची वाट केली आहे. पूल संपल्यावरही ती जुन्या मार्गानेच पुढे जाते, एकूण साडेचार किलोमीटर. आम्ही निम्मी चाललो. मधे एका ठिकाणी मी पावलांनी रुंदी मोजली. दोन रूळमार्ग बसतील एवढी आहे.