व्हिसाची खिडकी आणि इन्साफ

एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला शिकायला निघाल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. विरोध झाला तो आपल्याच समाजाकडून. 1913 साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हाही व्हिसाची मुलाखत नव्हती.

अर्थात दार सर्वांना उघडं नव्हतं. अमेरिकेने 1882 मध्ये चिनी मजुरांना आणि 1917 मध्ये भारतासह आशियातल्या मोठ्या भागाला कायद्याने रोखलं. विद्यार्थ्यांना मात्र सूट होती.

1952 च्या कायद्याने संशय हाच नियम केला. त्याचं कलम 214(बी) सांगतं की अर्जदार कायमचा राहायला येतोय असं गृहीत धरा. तसं नाही, हे त्यानेच पटवून द्यायचं. या निर्णयावर अपील नाही. पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा फी भरायची.

मीरा रोडच्या नयानगरात रिक्षा चालवणाऱ्या बापाच्या मुलाने ‘मी परत येईन’ हे कशाने सिद्ध करावं? नावावर घर नाही, जमीन नाही. गुणपत्रिका आहे, पण तिने परतण्याची हमी मिळत नाही.

कुणाला येऊ द्यायचं, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हे मला मान्य आहे. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात पासपोर्टबाबत सांगितलं, की माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. व्हिसा वेगळा, देशही वेगळा. इन्साफाची कसोटी मात्र तीच. नकार द्या, पण त्या मुलाचं नेमकं काय कमी पडलं, ते लेखी सांगा.